विकायच्या घराचं न्हाणीघर

घर बघायला आलेल्या मंडळींत एक जण असा असतोच, जो हॉलमध्ये फार रेंगाळत नाही. बहुतेक वेळा ते घरातले वडीलधारे असतात, नाहीतर नव्या सुनेचे मामा. ते सरळ न्हाणीघरात जातात, दिवा लावतात, नळ पूर्ण सोडतात, फ्लश ओढतात आणि पाणी वाहत असताना मान वर करून छताकडे बघतात. मग बाहेर येऊन न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर, बेडरूमच्या कपाटाशेजारी, तळहात टेकवतात. भिंत दमट लागली की पुढचं बोलणं बदलतं. तोवर 'उजेड छान आहे', 'बाल्कनी मोठी आहे' असं चाललेलं असतं. त्यानंतर 'इमारत किती सालची?' असा प्रश्न येतो आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं याची चौकशी सुरू होते.

जुना फ्लॅट विकायला काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबात हा वाद एकदा होतोच: बाथरूम नवं करून मग विकावं की आहे तसं दाखवावं? मुलगा म्हणतो, दोन-अडीच लाख घालू, किंमत पाच लाखांनी वाढेल. आई म्हणते, येणारा सगळं फोडूनच टाकणार आहे, आपण कशाला घालायचे? पुण्यातले एजंट, प्लंबर, गवंडी आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी यांच्याशी या विषयावर बोलत राहिलं की एक गोष्ट लख्ख होत जाते. पाण्यावर केलेला खर्च भरून येतो, दिसण्यावर केलेला बहुधा येत नाही. गळती, उतार, नळ, निचरा, वास हा झाला पाण्याचा हिशेब. टाइल्सचा रंग, काचेचं पार्टिशन, भिंतीवर टांगलेलं कमोड हा दिसण्याचा. मुलगा आणि आई दोघंही अर्धे बरोबर असतात.

हा प्रश्न आजच इतका का पडतो, हेही बघायला हवं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं आणि त्यानंतर पुणं नदीकाठच्या पेठांमधून बाहेर सरकू लागलं. मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा १९६३ मध्ये आला. पुढच्या काळात कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता इथे तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेक आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. ज्यांनी त्या घेतल्या ते आजी-आजोबा झाले, मुलं बंगळुरूला, अमेरिकेला किंवा हिंजवडीजवळच्या मोठ्या संकुलात गेली. आता ही घरं विक्रीला येताहेत, आणि त्यांचे पाइप, कोबा, दरवाजे सगळे मूळचेच आहेत.

वाड्यात संडास परसात असायचा आणि न्हाणी घराच्या कडेला, बंबाच्या धुराची सोय बघून. पाणी सांडलं तरी ते मातीत जिरायचं. फ्लॅटने न्हाणीघर स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आणलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर नेऊन ठेवलं. आपल्या न्हाणीची जमीन हे खालच्यांचं छत असतं. पुढचे सगळे प्रश्न इथूनच निघतात.

आधी पैशांचं गणित मांडू. समजा फ्लॅटची किंमत ८० लाख ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख घेणाऱ्याच्या खिशातून जातात. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. खरेदी एकट्या महिलेच्या नावाने असेल तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम सहसा कर्जात धरली जात नाही. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच घेणाऱ्याने जवळपास २२ लाख रोख उभे केलेले असतात. एजंटची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळाच. अशा माणसाला न्हाणीघर फोडावं लागेल हे कळलं की तो घाबरतो. त्याच्याकडे त्या क्षणी तेवढे पैसे नसतात, म्हणून दोन लाखांच्या कामासाठी तो चार लाख कमी करून मागतो.

दुसरी बाजूही याच गणितात आहे. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो तेव्हा चटई क्षेत्र मोजतो, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, परिसरातले व्यवहार बघतो. सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर तर भाग, क्षेत्रफळ, बांधकामाचं वय अशा गोष्टींवर चालतात. तुमच्या इटालियन टाइल्सना त्यात फारसा रकानाच नाही. टाइल्सपायी वाढवलेली किंमत मूल्यांकनात उतरली नाही, तर त्यावर कर्जही मिळत नाही. ती घेणाऱ्याने रोख द्यावी लागते, आणि रोखीचीच तर त्याला चणचण आहे. म्हणून चकचकीत न्हाणीघराने घर लवकर विकलं जाईल एक वेळ, पण घातलेले पैसे सुटून वर नफा होईल या भरवशावर कुणी राहू नये. अमेरिकेत 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल दरवर्षी निघतो. तिथेही ऐषारामी बाथरूमवरचा खर्च साध्या मध्यम कामाच्या मानाने कमी वसूल होतो, असंच चित्र दिसतं.

आता गळतीकडे येऊ. या लेखातली सर्वांत जास्त जागा तिलाच द्यायला हवी, कारण व्यवहार मोडतात ते तिच्यामुळे.

कर्वेनगरातल्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर फोडताना मी उभी राहून पाहिलं. मिस्त्रींनी ब्रेकर मशीन आणलं नव्हतं. जुन्या स्लॅबला हादरे नकोत म्हणून छिन्नी-हातोड्यानेच काम चाललं होतं. वरच्या टाइल्स चांगल्या होत्या, पाच-सहा वर्षांपूर्वीच बसवलेल्या, फिकट राखाडी, न घसरणाऱ्या. पहिली टाइल निघाली तेव्हा तिची पाठ काळी होती. खालचा सिमेंट-वाळूचा थर बोटांनी चुरडला जात होता. त्याखाली कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा याच कोब्याने भरून त्यातून पाइप नेलेले असतात. मिस्त्रींनी विटेचा एक तुकडा उचलून दिला. तो पाण्याने जड झाला होता आणि त्याला कुबट, साबणमिश्रित वास होता. मग नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी बाहेर नेणारं जाळीखालचं भांडं, त्याच्या भोवतीचं साफ केलं. ट्रॅपची कड आणि काँक्रीट यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट, त्यात वर्षानुवर्षांचा साबण आणि केस साचलेले. नव्या टाइल्स बसवताना ट्रॅप तसाच ठेवला होता. वर राखाडी टाइल्स चमकत होत्या आणि आंघोळीच्या प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी त्या फटीतून कोब्यात उतरत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा छताला रंग दिला होता. दोन्ही वेळा पोपडे धरले.

कोब्यात एकदा पाणी मुरलं की ते लवकर सुकत नाही. दुरुस्ती नीट झाली तरी खालचं छत काही आठवडे ओलंच राहू शकतं. म्हणून लगेच रंग द्यायची घाई करू नये. आणि ओल वर्षानुवर्षं राहिली तर ती स्लॅबमधल्या गजांपर्यंत पोहोचते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, गज फुगतात, काँक्रीटची ढलपी निघते. तेव्हा प्रश्न न्हाणीघराचा उरत नाही, इमारतीचा होतो.

पण प्रत्येक ओल कोब्यातूनच येते असं नाही, आणि फोडाफोडीआधी ती कुठून येते हे शोधायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. खालच्यांच्या छतावरचा डाग दिवस-रात्र सारखाच ओला असेल तर दाबाखालच्या पाइपवर, म्हणजे भिंतीतल्या नळाच्या लाइनवर संशय घ्यावा. आंघोळी झाल्यावर वाढत असेल आणि रात्री उतरत असेल तर टाइल्सचे सांधे किंवा ट्रॅप. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. डक्टमधल्या जुन्या बिडाच्या पाइपांच्या सांध्यांतून पिंपळाचं रोप वर आलेलं असेल, तर खिडकीतून डोकावल्यावर उत्तर समोरच असतं. शंका उरली तर नहाणी ट्रॅपला चिंधी आणि प्लॅस्टिकचा बूच घालून दोन इंच पाणी कोंडून ठेवावं, पातळीची खूण पेन्सिलने भिंतीवर करावी आणि चोवीस तासांनी खालच्या घरी जाऊन छत पाहावं. त्याआधी खालच्यांना सांगावं. ज्यांच्याशी दहा वर्षं गळतीवरून अबोला आहे, त्यांच्या दारात जाऊन हे सांगणं सोपं नसतं. पण घर घेणारा त्यांनाच जाऊन विचारणार आहे, आणि खालच्या काकूंचं एक वाक्य एजंटच्या तासाभराच्या बोलण्यावर भारी पडतं.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत याची वाटणी केलेली आहे. पावसाचं पाणी, बाहेरच्या सामायिक पाइपलाइन आणि ड्रेनेज यांतून होणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम. घरातला संडास, न्हाणी, सिंक यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा, सोसायटीने मध्यस्थी करायची. म्हणजे डक्टमधला पाइप फुटलेला असताना आपल्या पदरचे पैसे घालून टाइल्स बदलणं हा शुद्ध तोटा आहे. आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. इमारत अगदी नवी असेल, ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करून द्यायची असते. पुनर्विक्रीच्या गडबडीत हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

आणि झाकण्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. ओल्या भिंतीवर जलरोधक रंगाचे दोन हात मारून, छताला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावून घर दाखवणारे आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या ५५व्या कलमानुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगणं बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक कुटुंब वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन त्या घरात येणार असतं. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या भिंतीला लोणा लागावा हे मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

गळती नसेल, किंवा ती नीट काढली असेल, तर उरलेलं काम थोडक्यात आणि थोड्या पैशांत होतं. थेंब-थेंब गळणारे नळ, सतत झिरपणारी फ्लशची टाकी, सैल झालेला जेट. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे, वॉशर आणि व्हॉल्व्ह बदलले की झालं. खालून कुजलेला दरवाजा मात्र बदलावाच. तिथे प्लायचा फ्लश दरवाजा पुन्हा लावू नये, एफआरपी किंवा पीव्हीसीचा लावावा. कुजकं दार बघितलं की माणूस गळतीचाच विचार करतो. पिवळा मंद दिवा काढून पांढरा लावावा, एक्झॉस्ट पंखा चालू करावा, लूव्हर्सच्या फुटक्या काचा बदलाव्यात. टाइल्सचे सांधे काळे पडले असतील तर जुना माल खरवडून पुन्हा भरून घ्यावेत. व्हाइट सिमेंटपेक्षा इपॉक्सी महाग पडतं, पण पाणी पीत नाही. हे सगळं मिळून एका न्हाणीघराला पूर्ण नूतनीकरणाच्या खर्चाचा छोटासा हिस्साच लागतो.

स्वच्छतेचं महत्त्व सगळ्यांना माहीत आहे, पण ती करण्याची रीत अनेकदा घातक असते. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काढायला लोक घर दाखवायच्या आदल्या दिवशी संडास साफ करायचं तीव्र ॲसिड जमिनीवर ओततात. फेस येतो, टाइल उजळते. तो फेस नुसत्या क्षारांचा नसतो, सांध्यातलं सिमेंटही ॲसिडमध्ये विरघळत असतं. दोन-चार वेळा असं केलं की सांधे पोकळ होतात आणि जिथे गळती नव्हती तिथे सुरू होते. नळाचं क्रोमही काळं पडतं. लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी, ब्रश आणि थोडा धीर यांनी बहुतेक डाग जातात, नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढायचं.

बंद घरांची गोष्ट आणखी वेगळी. आई-वडील गेले, मुलं परदेशात, फ्लॅट वर्षभर कुलपात, आणि किल्ली शेजारच्या जोशीकाकांकडे नाहीतर एजंटकडे. अशा घरात शिरलं की गटाराचा वास येतो आणि झुरळं दिसतात. बघणाऱ्याला वाटतं ड्रेनेज गेलं. प्रत्यक्षात नहाणी ट्रॅपमध्ये आणि कमोडच्या बाकात जे पाणी कायम अडून राहतं, तेच गटारातली हवा रोखून धरतं. घर बंद राहिलं की ते वाळतं आणि वाट मोकळी होते. आठवड्याला प्रत्येक जाळीत तांब्याभर आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी ओतायला सांगितलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी, पाइपांच्या घरात नळ बरेच दिवस बंद राहिला की पहिलं पाणी तांबूस येतं. घर दाखवायच्या अर्धा तास आधी सगळे नळ सोडून ठेवावेत. मात्र पाणी रोजच तांबूस येत असेल आणि धार बारीक असेल, तर पाइप आतून गंजलेत हे घेणाऱ्याला सांगावं. ते बदलायला भिंती फोडाव्या लागतात. ते काम आपण केलं तर आवडीच्या टाइल्स बसवायची त्याची संधी जाते, म्हणून अशा ठिकाणी किंमत कमी करून देणं दोघांच्याही सोयीचं.

आता काय करू नये. टाइलवर टाइल हा प्रकार हल्ली फार चालतो, कारण फोडाफोड नाही आणि दोन दिवसांत काम होतं. पण जमीन वर येते, उंबरठा बुडतो, पाणी खोलीत येऊ लागतं, आणि खालचा कोबा ओला असेल तर तो तसाच झाकला जातो. विक्रीसाठी तर हे मुळीच करू नये. टांगलेलं कमोड आणि भिंतीतली टाकी याला जुन्या इमारतीच्या चार इंची भिंती अनुकूल नसतात, आणि टाकी बिघडली की सुटे भाग कुठे मिळणार ही घेणाऱ्याची काळजी वाढते. संडास-न्हाणीची जागा बदलण्याचा विचारही करू नये, मग वास्तूच्या नावाने कुणी कितीही सुचवलं तरी. ओली जागा खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा बेडरूमवर नेली तर सोसायटी आणि महापालिका दोघांशी गाठ पडते, आणि मंजूर नकाशाशी घर जुळत नाही म्हणून बँक कर्ज अडवू शकते.

जुन्या फ्लॅटमध्ये संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे असतात. मधली भिंत पाडून एकच प्रशस्त बाथरूम करण्याचा मोह विकणाऱ्यांना होतो, कारण मासिकांत तसं दिसतं. वन बीएचकेत हे करू नये असं माझं ठाम मत आहे. सकाळी सातला शाळेची रिक्षा, साडेसातला ऑफिसची बस, आणि आजोबांना मात्र वेळ लागतो. अशा घरात दोन वेगळी दारं ही मोठी सोय असते, आणि असा फ्लॅट शोधणारी कुटुंबं हीच असतात. उकिडवं बसायचं भांडं काढून कमोड बसवावं का, हा प्रश्न तितका सरळ नाही. घरात दोन संडास असतील तर एक कमोड आणि एक जुन्या पद्धतीचं ही जोडी अजून अनेकांना हवी असते. एकच असेल आणि तो जुन्या पद्धतीचा असेल, तर गुडघे दुखणारं कुणी ना कुणी प्रत्येक कुटुंबात असतं. तिथे साधं जमिनीवर बसणारं कमोड करून घेणं बहुधा फायद्याचं ठरतं. मात्र त्यासाठी जमीन फुटणार असल्याने त्याच वेळी ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंग करून घ्यावं, नाहीतर कर्वेनगरची गोष्ट पुन्हा घडते.

एक काम पैशांचा विचार न करता करायचं. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तो काढून टाकावा. त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि खिडकी बंद करून आंघोळ करताना माणसं त्याने दगावली आहेत. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्यावं आणि त्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच, आहे ना ते पाहावं.

इमारत पुनर्विकासाकडे निघाली असेल तर यातलं बहुतेक काही करू नये. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. त्यामुळे जुन्या भागांतल्या पुष्कळ इमारतींत या चर्चा सुरू आहेत. तिथे घेणारा आजच्या घरासाठी पैसे मोजतच नाही, उद्या मिळणाऱ्या वाढीव चौरस फुटांसाठी मोजतो. नळ गळत नाहीत आणि खालच्यांना त्रास होत नाही एवढं पाहावं आणि थांबावं.

काम करायचंच असेल तर दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवावं, म्हणजे कोबा वाळायला वेळ मिळतो. शक्य असेल तर घर दाखवण्याआधी एक पावसाळा जाऊ द्यावा. कंत्राटदाराकडून वॉटरप्रूफिंगची हमी लेखी घ्यावी आणि ती मालकाच्या नावाने न घेता फ्लॅटच्या क्रमांकाने घ्यावी, म्हणजे नव्या मालकाला चालते. टाइल्स बसण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढावेत, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा कुठे ठोकायचा नाही हे कळतं. उरलेल्या टाइल्सचा खोका माळ्यावर ठेवावा. बिलं जपावीत. भांडवली नफ्याच्या हिशेबात घराच्या सुधारणेचा खर्च धरता येतो, साधी दुरुस्ती धरता येत नाही, आणि कुठलं काम कशात बसतं हे सीए बिलं पाहूनच सांगू शकतो. बिलं, हमीपत्र, पाइपांचे फोटो आणि खालच्यांची सही असलेला, छत कोरडं असल्याचा एक साधा कागद असं सगळं एका फाइलमध्ये घालावं. ती फाइल खरेदीखताच्या दिवसापर्यंत कपाटात ठेवू नये. टोकनची रक्कम हातात घेण्याआधी, मामा न्हाणीघरातून बाहेर येतील तेव्हाच त्यांच्यासमोर ठेवावी. भाव तिथेच ठरतो.